जहाजमालकाची जबाबदारी किती? पहिल्याच दिवशी मांडायचा हिशोब

बंदरात शिरताना जहाजाने जेट्टी तोडली. दोन जहाजं धडकली आणि कंटेनर समुद्रात गेले. नांगर घसरला आणि मच्छीमारांची जाळी ओढून घेऊन गेला. अशी फाइल टेबलावर आली की नवीन माणूस आधी ‘चूक कोणाची?’ हे शोधायला लागतो. ते शोधावंच लागतं, पण त्याला वर्षं जातात. दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच संध्याकाळी निघू शकतं: सगळी चूक याच जहाजाची ठरली, तरी मालकाकडून जास्तीत जास्त किती रक्कम वसूल होईल?

समुद्री कायद्यात या रकमेला वरची हद्द असते. ती नुकसानीवरून ठरत नाही, जहाजाच्या आकारावरून ठरते. नुकसान शंभर कोटींचं असो वा हजार कोटींचं, हद्दीचा आकडा तोच. माल गमावलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो, आणि तो बसणं साहजिक आहे. म्हणूनच हा आकडा त्याला आधी सांगायला हवा, वकिलाची फी आणि सर्व्हेअरची बिलं भरून झाल्यावर नाही.

क्लेम विभागात नव्याने लागलेले, ज्युनिअर वकील, फ्रेट फॉरवर्डर आणि मच्छीमार सोसायट्यांचे कार्यकर्ते यांना डोळ्यांपुढे ठेवून ही पद्धत मांडली आहे. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

पायरी १: कोणत्या देशाचं कोर्ट, कोणता कायदा

जहाजाच्या झेंड्यावरून मर्यादा ठरते, असा नवख्यांचा समज असतो. तसं नसतं. लायबेरियाचा झेंडा असो की पनामाचा, ज्या देशाच्या कोर्टात मालक मर्यादा मागतो, सहसा त्या देशाचा कायदा लागतो. जगातल्या बहुतेक व्यापारी देशांनी १९७६ चा लंडन करार स्वीकारला आहे. समुद्री दाव्यांची जबाबदारी मर्यादित करणाऱ्या या कराराला धंद्यात सगळे ‘एलएलएमसी’ म्हणतात. १९९६ च्या प्रोटोकॉलने त्यातले आकडे वाढवले. २०१२ मध्ये ते आणखी ५१ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं आणि ती वाढ ८ जून २०१५ पासून अमलात आली. काही देश १९७६ वर थांबलेत, काही १९९६ वर आलेत. तुमच्या देशासाठी कुठला टप्पा लागतो, हे शोधणं ही अर्धी लढाई आहे.

भारत मूळ करारात २००२ साली आणि १९९६ च्या प्रोटोकॉलमध्ये २०११ साली सामील झाला. देशातल्या कायद्यात ही तरतूद १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या भाग दहा-अ मध्ये आली आणि तिच्या अंमलबजावणीचे नियम २०१५ साली निघाले. २०२५ मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर झाला. त्यामुळे भारतातल्या फाइलवर पहिली ओळ हीच लिहायची: घटनेची तारीख कोणती आणि त्या दिवशी कोणता कायदा व कोणते नियम अमलात होते. आजचे नियम उघडून जुन्या अपघाताला लावले की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

अमेरिका या करारात नाही. तिथे १८५१ चा कायदा चालतो आणि त्याचं मोजमापच वेगळं: प्रवास संपल्यावर जहाजाची उरलेली किंमत अधिक त्या फेरीचं भाडं. मार्च २०२४ मध्ये ‘डाली’ हे कंटेनर जहाज बाल्टिमोरच्या पुलावर आदळलं. पूल कोसळला, सहा कामगार गेले. मालकांनी कोर्टात मागितलेली मर्यादा सुमारे ४.३७ कोटी डॉलर होती. जहाज बुडून भंगार झालं असतं, तर याच पद्धतीने मालमत्तेच्या दाव्यांना मिळणारा आकडा जवळपास शून्यावर आला असता. अमेरिकेत लेखी दावा हाती पडल्यापासून सहा महिन्यांच्या आत मालकाला अर्ज करावा लागतो.

पायरी २: टनेज सर्टिफिकेट मिळवा

हिशोबाचा पाया म्हणजे जीटी, ग्रॉस टनेज. ते १९६९ च्या टनेज करारानुसार दिलेल्या आंतरराष्ट्रीय टनेज सर्टिफिकेटवर छापलेलं असतं. इथे सर्वात जास्त चुका होतात. बातमीत ‘७५ हजार टनांचं जहाज’ असं येतं, तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा डेडवेटचा असतो, म्हणजे जहाज किती वजन वाहू शकतं त्याचा. जीटी हे वजनच नाही. जहाजाच्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून सूत्राने काढलेला तो आकडा आहे. ७५ हजार डेडवेटच्या बल्क कॅरिअरचं जीटी साधारण ४० हजारांच्या आसपास निघतं. डेडवेट धरून हिशोब केला की मर्यादा भलतीच फुगते, ग्राहक खूश होतो आणि सहा महिन्यांनी तोंड दाखवायला जागा राहत नाही. नेट टनेजही घेऊ नका.

३०० टनांपेक्षा लहान जहाजांसाठी आणि नदी-खाडीत चालणाऱ्या जहाजांसाठी देशांना स्वतःचे वेगळे आकडे ठरवायची मुभा आहे. लाँच, बार्ज, ट्रॉलर असेल तर इथेच थांबून तो स्थानिक नियम आधी काढा.

पायरी ३: तुमचा दावा हद्दीच्या आत येतो का

सगळेच दावे मर्यादेत बसत नाहीत. कराराचं कलम २ आत काय ते सांगतं: जहाज चालवताना झालेले मृत्यू आणि जखमा, मालमत्तेचं नुकसान (बंदराची बांधकामं, बॉया, दीपस्तंभ धरून), माल किंवा प्रवासी उशिरा पोहोचल्याचं नुकसान, दोन पक्षांतल्या व्यवहाराच्या कराराखेरीज इतर हक्कांवर झालेलं अतिक्रमण. बुडालेलं जहाज आणि त्यातला माल उचलण्याचा खर्चही या यादीत आहे. पण तेवढा भाग वगळायची सवलत देशांना आहे, आणि ब्रिटनसह बऱ्याच देशांनी ती घेतली आहे. तिथे सांगाडा उचलण्याचा पूर्ण खर्च मालकावर पडतो.

कलम ३ बाहेर काय ते सांगतं. साल्व्हेजचं बक्षीस (संकटातलं जहाज वाचवणाऱ्याला मिळणारा मोबदला) आणि जनरल ॲव्हरेजचा वाटा (सगळ्यांना वाचवण्यासाठी केलेला त्याग किंवा खर्च जहाज आणि मालाच्या मालकांनी वाटून घेणं) बाहेर. टँकरच्या तेलगळतीचे दावे बाहेर, कारण त्यांच्यासाठी स्वतंत्र करार आणि स्वतंत्र आकडे आहेत: ५,००० जीटीपर्यंत ४५.१ लाख एसडीआर (हिशोबाचं एक आंतरराष्ट्रीय एकक, पायरी ५ पाहा), त्यापुढे दर टनाला ६३१, आणि कमाल ८ कोटी ९७.७ लाख. मालवाहू जहाजाच्या स्वतःच्या इंधनाच्या टाकीतून गळालेलं तेल त्यात धरत नाहीत. बंकर करारात (जहाजाच्या इंधनाच्या गळतीवरच्या आंतरराष्ट्रीय करारात) त्या तेलासाठी वेगळी रक्कम राखून ठेवलेली नाही, तो एलएलएमसीसारख्या सर्वसाधारण मर्यादेकडेच बोट दाखवतो. किनाऱ्यावर तेल आलं म्हणून टँकरचे आकडे लावणं ही नेहमीची गल्लत आहे.

कोकणातून परदेशी झेंड्याच्या जहाजांवर जाणाऱ्या खलाशांच्या घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. खलाशाच्या नोकरीच्या कराराला लागणाऱ्या कायद्यात मालकाला मर्यादा घेता येत नसेल, तर खलाशाचा दावा या हद्दीबाहेर राहतो. म्हणून नोकरीचा करार आणि युनियनशी झालेला सामूहिक करार यांच्या प्रती घरी ठेवायच्या. थकलेला पगार तर मुळात कलम २ च्या यादीतच नाही.

आणि मर्यादा एकाच बाजूने चालते. जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, तर मालाच्या मालकाला आपला वाटा द्यावा लागतो, त्याशिवाय वाचलेला मालही सुटत नाही. त्या वाट्याला ही हद्द लागत नाही.

पायरी ४: आकडा काढा

८ जून २०१५ पासूनचे आंतरराष्ट्रीय आकडे असे आहेत. एकक एसडीआर.

मालमत्ता आणि इतर दावे: २,००० जीटीपर्यंत सरसकट १५,१०,०००. पुढे २,००१ ते ३०,००० पर्यंत दर टनाला ६०४, ३०,००१ ते ७०,००० पर्यंत ४५३, त्यावर ३०२.

मृत्यू आणि जखमांचे दावे: याच्या बरोबर दुप्पट. ३०,२०,०००, मग १,२०८, ९०६ आणि ६०४.

हे टप्पे आयकराच्या स्लॅबसारखे वाचायचे. ४०,००० जीटीचं जहाज म्हणजे ४०,००० गुणिले ४५३ असं नाही. मालमत्तेसाठी मांडणी अशी:

पहिले २,००० टन: १५,१०,०००
पुढचे २८,००० टन × ६०४: १,६९,१२,०००
उरलेले १०,००० टन × ४५३: ४५,३०,०००
एकूण: २,२९,५२,००० एसडीआर

जीवितहानीसाठी त्याच जहाजाची मर्यादा ४,५९,०४,०००. या दोन वेगळ्या रकमा आहेत. एका घटनेत दोन्ही प्रकारचे दावे आले, तर मालकावर दोन्हींची बेरीज येऊ शकते.

आता हेच जहाज जुन्या आकड्यांनी मोजा, म्हणजे पायरी १ का महत्त्वाची ते दिसेल. २०१२ च्या वाढीआधीच्या १९९६ च्या दरांनी मालमत्तेची मर्यादा १,५२,००,००० येते. मूळ १९७६ च्या दरांनी (५०० टनांपर्यंत १,६७,०००, पुढे ३०,००० पर्यंत १६७, त्यापुढे ७०,००० पर्यंत १२५) ती फक्त ६३,४३,५०० येते. जहाज तेच, धडक तीच, आणि रकमेत साडेतीन पटींपेक्षा जास्त फरक. म्हणूनच मालक मर्यादा कमी असलेल्या देशात आधी अर्ज टाकायला धावतात आणि दावेदार मर्यादा जास्त असलेल्या देशात जहाज पकडायला.

जहाज प्रवासी नेत असेल तर त्याच्यावरच्या प्रवाशांसाठी हिशोब टनांवर नाही, प्रवासी वाहतुकीच्या सर्टिफिकेटवरच्या परवानगीच्या संख्येवर होतो. १९९६ च्या प्रोटोकॉलमध्ये दर प्रवासी १,७५,००० एसडीआर. २०० प्रवाशांचं सर्टिफिकेट असेल तर साडेतीन कोटी एसडीआर, मग त्या दिवशी जहाजावर ८० माणसं असोत की ३००.

पायरी ५: रुपयांत आणा

एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे. डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड या पाच चलनांच्या टोपलीवर त्याचा भाव ठरतो आणि तो नाणेनिधीच्या संकेतस्थळावर मिळतो. समजण्यापुरता १ एसडीआर म्हणजे १२० रुपये धरला, तर वरची मालमत्तेची मर्यादा सुमारे २७५ कोटी ४२ लाख रुपये होते.

भाव कोणत्या दिवसाचा धरायचा? अपघाताच्या दिवसाचा नाही. ज्या दिवशी निधी (मर्यादेएवढी रक्कम, जी मालक कोर्टात भरतो) जमा होतो, पैसे दिले जातात किंवा हमी दिली जाते, त्या दिवसाचा. निधी भरताना अपघाताच्या तारखेपासून निधी उभारेपर्यंतचं व्याजही भरावं लागतं. व्याजाची ओळ विसरलेला अर्ज आला तर दावेदाराने तिथेच हरकत घ्यावी.

पायरी ६: तुमच्या वाट्याला काय येईल

मर्यादा ही सगळ्या दावेदारांची मिळून असते, तुमची एकट्याची नाही. वरच्या जहाजावर तीन दावे आहेत असं धरू: मालाचे ५ कोटी एसडीआर, दुसऱ्या जहाजाचे ३ कोटी, जेट्टीचे १ कोटी १८ लाख ८ हजार. एकूण ९,१८,०८,०००. निधी २,२९,५२,०००, म्हणजे बरोबर पाव हिस्सा. मालवाल्यांना १ कोटी २५ लाख, जहाजाला ७५ लाख, जेट्टीला २९ लाख ५२ हजार. रुपयामागे चार आणे. काही देश बंदराच्या बांधकामांना पहिला हक्क देतात. तसा नियम असेल तर जेट्टीचे पैसे आधी वजा करून उरलेलं वाटायचं.

जीवितहानीचे दावे त्यांच्या निधीपेक्षा जास्त झाले, तर उरलेली रक्कम मालमत्तेच्या निधीत उतरते आणि तिथल्या दावेदारांच्या बरोबरीने वाटा घेते. मृत्यूचे दावे ५ कोटींचे असतील, तर निधीबाहेर राहिलेले ४०,९६,००० एसडीआर मालमत्तेच्या यादीत येऊन बसतात. मालाच्या विमा कंपन्यांच्या हिशोबात ही ओळ अनेकदा सुटते.

दोन्ही जहाजांची चूक असेल आणि एकमेकांवर दावे असतील, तर आधी वजाबाकी, मग मर्यादा. पहिल्याने दुसऱ्याला ८ द्यायचे आणि दुसऱ्याने पहिल्याला ३, तर मर्यादा उरलेल्या ५ वर लागते.

इथेच पॅकेज मर्यादेचं पाहून घ्या, कारण नवखे या दोन मर्यादा एकच समजतात. बिल ऑफ लेडिंगखालच्या (माल जहाजावर चढवल्याची पावती) मालाला हेग-व्हिस्बी नियमांनुसार दर पॅकेज ६६६.६७ एसडीआर किंवा किलोला २ एसडीआर, यातली जास्त असेल ती रक्कम मिळते. २० टनांचं एकच मशीन असेल तर ४०,००० एसडीआर. आधी प्रत्येक दाव्याला ही कात्री लावायची आणि मग उरलेल्या दाव्यांना वर सांगितलेली वाटणी. कंटेनरमधले खोके बिलावर वेगवेगळे मोजून लिहिले असतील तर प्रत्येक खोका पॅकेज धरला जातो. ‘एक कंटेनर’ एवढंच लिहिलं असेल तर सगळा कंटेनर मिळून एक पॅकेज. एका ओळीच्या आळसाने निर्यातदाराचे लाखो रुपये जातात. मालाच्या दाव्याला एक वर्षाची मुदत आहे, आणि मर्यादेचा अर्ज चालू आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही.

पायरी ७: मर्यादा मोडता येईल का

कराराचं कलम ४ म्हणतं की नुकसान व्हावं या हेतूने, किंवा तसं नुकसान बहुधा होईल हे ठाऊक असूनही बेफिकिरीने, मालकाने स्वतः काही केलं किंवा करायचं टाळलं, तर त्याला मर्यादा मिळत नाही. ‘स्वतः’ हा शब्द पक्का धरा. कप्तान झोपला, पायलटचा अंदाज चुकला, इंजिन बंद पडलं, यातल्या कशाने मर्यादा मोडत नाही. कंपनीच्या वरच्या पातळीवर जाणीव होती हे दाखवावं लागतं, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी दावेदारावर असते. १९५७ च्या कराराच्या काळात ब्रिटनसारख्या देशांत उलट होतं: आपली चूक नाही हे मालकाला दाखवावं लागे. १९७६ मध्ये रकमा वाढवल्या आणि त्याच्या बदल्यात मर्यादा जवळजवळ अभेद्य केली.

भारतात आणखी एक पेच आहे. १९५८ च्या कायद्याच्या भाग दहा-अ मध्ये कलम ४ सारखी तरतूद उतरवलीच नव्हती. मुरमान्स्क शिपिंग कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यावरून मर्यादेचा हक्क निरपवाद ठरवला. त्या कायद्याखालची फाइल असेल तर हा निकाल आधी वाचा, मग ग्राहकाला आशा दाखवा.

परदेशी कोर्टात कलम ४ लढवायचं असेल तर पुरावा जहाजावर कमी आणि ऑफिसात जास्त सापडतो: सुरक्षा व्यवस्थापनाच्या नोंदी, किनाऱ्यावरच्या नियुक्त अधिकाऱ्याचे ईमेल, क्लासच्या (जहाजांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हेतल्या न मिटलेल्या त्रुटी, दुरुस्ती पुढे ढकलल्याचे आदेश. हे कागद सांभाळून ठेवा अशी लेखी नोटीस पहिल्या आठवड्यात द्या.

पायरी ८: निधी, अटक आणि मुदती

भारतात समुद्री दाव्यासाठी जहाज अटकेत ठेवायचा अधिकार २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याने किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांना दिला. तो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही किनाऱ्यांसाठी मुंबई उच्च न्यायालय. वॉरंट बजावण्याचं काम मुंबईत शेरीफचं कार्यालय करतं. अटक उगाच केली असं ठरलं तर भरपाई देईन, अशी हमी कोर्ट दावेदाराकडून मागू शकतं.

मालक निधी रोखीने किंवा कोर्टाला मान्य होईल अशा हमीने उभारतो. पी अँड आय क्लबचं (जहाजमालकांच्या जबाबदारीचा विमा उतरवणाऱ्या संघाचं) हमीपत्र समोरच्याला चालत असेल तर ठीक, नाहीतर बँक गॅरंटी. निधी उभा राहिला की कोर्ट जहाज सोडू शकतं. अपघात झाला ते बंदर, त्यानंतरचं पहिलं बंदर, माल उतरवायचं बंदर, अशा ठरावीक ठिकाणी निधी उभारला असेल तर जहाज सोडावंच लागतं. मर्यादा मागणं म्हणजे चूक कबूल करणं नाही, हेही करारातच लिहिलं आहे, तेव्हा मालकाच्या अर्जातून कबुली शोधत बसू नका.

दावेदारासाठी सर्वात मोठा निर्णय इथे असतो. निधीवर एकदा दावा दाखल केला की त्याच दाव्यासाठी मालकाच्या दुसऱ्या मालमत्तेवर जायचा रस्ता बंद होतो. मर्यादा मोडण्याजोगा पुरावा हातात असेल तर आधी विचार, मग सही. पण विचार करत कोर्टाने दिलेली मुदत चुकवली तर वाटणी तुमच्याशिवाय होऊ शकते. ही मुदत वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीत छापून येते.

मोठ्या अपघातात आकडे किती दूर असतात ते २५ मे २०२५ ला कोचीजवळ बुडालेल्या ‘एमएससी एल्सा ३’ वरून दिसतं. केरळ सरकारचा दावा ९,५३१ कोटी रुपयांचा होता. त्याच समूहाच्या दुसऱ्या जहाजाच्या अटकेच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने हमीची रक्कम १,२२७ कोटींच्या घरात ठरवली. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ धडकली, तेव्हा कंटेनर वाहत गेले, तेल रायगडच्या किनाऱ्याला लागलं आणि बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. अशा वेळी मोठ्या कंपन्यांचे वकील दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे असतात. मच्छीमाराकडे तोट्याचा कागदच नसतो.

म्हणून सोसायटीने हे आजच करून ठेवावं. प्रत्येक बोटीची जाळ्यांची बिलं, दोरखंड आणि बॉयांची संख्या, डिझेलच्या पावत्या, समुद्रात गेल्याच्या टोकनच्या नोंदी, मागच्या तीन हंगामांतल्या लिलावाच्या पट्ट्या. घटना घडली की त्याच दिवशी जीपीएसचा ट्रॅक उतरवून घ्या, फाटक्या जाळ्याचा मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मत्स्यव्यवसाय विभागाकडून पंचनामा करून त्याची प्रत मागून घ्या. जहाजाचं नाव दिसलं असेल तर त्यासोबत आयएमओ क्रमांकही टिपा. तो सात आकडी असतो, बहुतेक वेळा मागच्या बाजूला नावाखाली रंगवलेला, आणि जहाजाचं नाव बदललं तरी तो बदलत नाही.